तीन टॉवरांची सोयरीक

माझं काम काय, हे जबलपूरला कांचघरच्या आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. मी ‘टॉवरवाली’ आहे. कुणाच्या मोबाइलचं नेटवर्क गेलं की बायका गॅलरीतून हाक मारतात, ‘दीदी, ज़रा देखना,’ जणू मी ओढणीच्या टोकाला सिग्नल बांधून आणते आणि मागेल तिला सोडून देते. गेली कित्येक वर्षं मी सांगत आले आहे की मी टॉवर उभारत नाही, दुरुस्त करत नाही आणि कुणाचा रिचार्जही मारत नाही. मी फक्त एका टॉवरचं दुसऱ्या टॉवरशी बोलणं ठरवते. त्यावर त्या ‘अच्छा’ म्हणतात आणि फोन पुढे करतात.

शहरातल्या टॉवरला जमिनीखालून तार मिळते. आडगावच्या टॉवरला कोण तार देतो? तिथे एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर, परातीएवढ्या डिशमधून मायक्रोवेव्ह लहरी पाठवाव्या लागतात. अशा प्रत्येक जोडीला हवेतला एक ठरावीक पट्टा लागतो, म्हणजे फ्रिक्वेन्सी, आणि तो दिल्लीहून मंजूर होऊन येतो. कोणत्या जोडीसाठी कोणता पट्टा मागायचा, शेजारच्या जोडीशी त्याची टक्कर तर होणार नाही, मधे टेकडी, झाड, पाणी काय काय आडवं येतं, हे जबलपूरच्या ऑफिसात एसीखाली बसून ठरवणारी बाई म्हणजे मी. या भागातली निम्मी हवा माझ्या कॉम्प्युटरवर आखलेली आहे. आणि माझ्या नवऱ्याच्या शाळेत नेटवर्क नव्हतं.

आमचे मास्तर बरगी धरणाच्या पाण्यापलीकडे एका गावात शिकवतात. सोमवारी बसनं आणि पुढे होडीनं जातात, शनिवारी तसेच परत येतात, मधले दिवस गावातच एका खोलीत काढतात. शाळा पाचवीपर्यंत, मास्तर एकच. मुलांचे बाप बहुतेक नागपूरकडे कामाला. माणूस असा की पोरांना सुट्टी दिली तर पोरंच विचारतात, गुरुजी, आता कुठे जायचं? अशा माणसाला गैरहजर ठरवायला फार मोठी यंत्रणा लागली असती. ती आली, फोनमध्ये मावेल एवढी होऊन आली.

हजेरीचं ॲप आलं. आता मास्तरांनी शाळेच्या आवारात उभं राहून, फोनसमोर तोंड धरून स्वतःचा फोटो काढायचा आणि सरकारला पाठवायचा. फोटो पोचला तर मास्तर हजर, नाही पोचला तर गैरहजर. शाळेत सिग्नल नव्हता. सिग्नल होता पाण्याच्या काठावर, एका मोहाच्या झाडाखाली, तोही पलीकडच्या तहसीलच्या गावातून भरकटत आलेला. तिथून फोटो पाठवला की ॲप म्हणायचं, तुम्ही शाळेच्या आवारात नाही. शाळेतून पाठवला की ॲप काहीच म्हणायचं नाही, नुसतं गोल गोल फिरत राहायचं. नेट नसताना वापरायची एक सोय त्यात होती म्हणे, पण ती चालू करायला नेट लागायचं. ज्यानं कुणी हे बनवलं त्याला मला एकदा भेटायचं आहे. फार काही करणार नाही. त्याच मोहाच्या झाडाखाली बसवून पोटभर जेवू घालीन आणि होडी परत पाठवून देईन.

पहिली नोटीस आली तेव्हा आम्ही हसलो. दुसरी आली तेव्हा सासूबाईंनी चष्मा लावून ती वाचली, घडी घातली आणि मुलाला जवळ बसवलं.

‘काहून रे, खरंच जातो ना तू शाळेत?’

‘आई, मी काय फिरायला जाऊन राहिलो का दर सोमवारी?’

‘सरकार म्हणून राहिलं म्हणून विचारलं. सरकार कशाला खोटं बोलेल?’

नोटिशीत लिहिलं होतं की मास्तरांनी सतत गैरहजर राहून वर ‘नेटवर्क नाही’ अशी सबब सांगितली आहे, याची चौकशी होईल आणि सबब खोटी निघाली तर निलंबन. निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेल्या माणसाला हा शब्द कसा लागतो, ते मी त्या रात्रीच्या जेवणात पाहिलं. मास्तरांनी भाकरी कुस्करली आणि तशीच ठेवली. मी म्हटलं, अहो, काळजी करू नका, नेटवर्क नाही हे सिद्ध करणं जगात सगळ्यांत सोपं. फोन काढून दाखवायचा. एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतरही मी असं बोलू शकले, याचं मला अजून नवल वाटतं.

कारण शाळेच्या मागेच आमच्या कंपनीचा टॉवर उभा होता. लाल-पांढरा, उंच, नवाकोरा. वर्गाच्या खिडकीतून दिसायचा. पोरं चित्रकलेच्या तासाला त्याचंच चित्र काढायची. वर्ष होऊन गेलं होतं आणि त्याच्या तोंडून अजून शब्द फुटला नव्हता.

टॉवर उभा करायला लोखंड पुरतं. तो बोलता करायला पट्टा लागतो, आणि पट्टा अडला होता तो वर्तुळापायी. हे जरा समजावून सांगावं लागेल. सासूबाईंना समजलं, तेव्हा कुणालाही समजेल.

प्रत्येक जोडीत एक टॉवर वरच्या सुरात बोलतो आणि खालच्या सुरातलं ऐकतो. समोरचा त्याच्या उलट. आमच्यात याला हाय आणि लो म्हणतात. आता एकच टॉवर एका बाजूला हाय आणि दुसऱ्या बाजूला लो केला, तर तो स्वतःच इतक्या जोरात बोलतो की लांबून आलेलं त्याला काही ऐकू येत नाही. अशी माणसं सगळ्यांच्याच ऑफिसात असतात, त्यामुळे जास्त सांगत नाही. म्हणून नियम असा की टॉवर एकदा हाय झाला की चहूबाजूंनी हाय. हाय, लो, हाय, लो अशी साखळी हवी तितकी लांबवा, कुणाचं काही बिघडत नाही. फक्त तिघांचं वर्तुळ जमत नाही. आमच्याकडे तहसीलचा टॉवर हाय, मधल्या डोंगरावरचा लो, मास्तरांच्या गावचा पुन्हा हाय. इथपर्यंत सगळं सुखात. पण गावापासून पाण्यावरून थेट तहसीलला तिसरी जोडी बांधायला गेलं की समोरासमोर दोन हाय. दोघंही एकाच सुरात ओरडणार आणि कुणीच कुणाचं ऐकणार नाही.

ही तिसरी जोडी भोपाळच्या साहेबांना हवी होती. साहेब आमचे वरिष्ठ. त्यांना ‘रिंग’ हा शब्द फार आवडायचा. रिंग म्हणजे एक बाजू तुटली तर दुसऱ्या बाजूनं काम चालू, आणि तत्त्व म्हणून त्यात काही खोट नाही. मी सांगून पाहिलं की आधी दोन जोड्या चालू करू, गावाला आवाज मिळेल, तिसरीचं मग बघू.

‘बिना रिंग के स्लाइड अधूरी दिखती है, मैडम.’

‘सर, दोनों तरफ़ हाय हो रहा है.’

‘तो एक को लो कर दीजिए. आप ही के हाथ में है.’

माझ्याच हातात होतं खरं. मी त्यांना कागदावर तीन गोल काढून दाखवले. त्यांनी ते कौतुकानं पाहिले आणि कागद फार छान आहे असं सांगितलं. तिसऱ्या बाजूसाठी अगदी वेगळ्या सुरांचा पट्टा मागता आला असता, पण त्याला वेगळ्या डिश, वेगळा अर्ज, वेगळी मान्यता. ते साहेबांच्या त्या वर्षाच्या यादीत नव्हतं. शेवटी त्यांच्या हुकमानं तिन्ही बाजू एकाच अर्जात घालून अर्ज दिल्लीला गेला आणि ज्याला थोडंफार कळतं अशा कुणीतरी तो परत पाठवला. तिन्ही बाजू एकत्र गेल्या होत्या, त्यामुळे तिन्ही एकत्रच परत आल्या.

साहेब जागा बघायला दोनदा जबलपूरला आले. बाहेरून येणाऱ्या साहेबाला भेड़ाघाट दाखवल्याशिवाय पाठवायचं नाही, असा या शहरात अलिखित कायदा आहे, आणि तो आम्ही दोन्ही वेळा पाळला. खोव्याची जलेबी झाली, धबधबा झाला, मग होडी. संगमरवराच्या कड्यांमधून होडी चालली होती, नावाडी यमकं जुळवून कुठल्या दगडात गाय दिसते आणि कुठल्यात मोटार ते सांगत होता, आणि साहेबांनी विचारलं, ‘यहाँ से आपकी साइट कितनी दूर है?’

‘सर, उल्टी दिशा में.’

‘अच्छा, चलो, नदी तो वही है,’ ते म्हणाले. जागेची पाहणी झाली असं त्यांच्या दौऱ्याच्या टिपणात मी नंतर वाचलं.

हे सगळं मी घरी मेथी निवडता निवडता सासूबाईंना सांगत होते. इथल्या मराठी घरांतल्या सोयरिकी त्यांच्या सल्ल्याशिवाय ठरत नाहीत. कुणाला नागपूरचीच सून हवी, कुणाला पुण्याचा जावई नको कारण तो आपलं बोलणं ऐकून हसतो, सगळं त्यांना तोंडपाठ. त्यांनी तिन्ही टॉवरांची कुळकथा नीट ऐकून घेतली.

‘म्हणजे पोरगा-पोरगी एकाच गोत्राचे निघाले.’

‘हो आई. म्हणून जमत नाही.’

‘काहून नाही जमत? पोरगी मामाले दत्तक द्याची. कन्यादान मामानं कराचं. गोत्र बदललं, लग्न लागलं. पोरगी काही मामाकडे राहाले जात नाही, तेवढ्यापुरता कागद.’

‘टॉवरला मामा कुठून आणू?’

‘मंग शोध न,’ त्या म्हणाल्या आणि मेथीच्या काड्या उचलून आत गेल्या. मी हसले आणि विसरले.

चौकशीची पहिली फेरी ब्लॉकच्या ऑफिसात झाली. मास्तरांनी तिथली हकिकत मला शनिवारी सांगितली, तीही चहा पूर्ण संपवून, कपबशी बाजूला ठेवून. चौकशीच्या साहेबांनी स्वतःच्या फोनवर आमच्या कंपनीचा नकाशा उघडला होता. सिग्नल असलेला भाग नकाशात गुलाबी असतो. शाळा, गाव, मोहाचं झाड, सगळं गुलाबी.

‘गुरुजी, यहाँ तो पूरा गुलाबी है. और टावर आपकी शाला के ठीक पीछे खड़ा है.’

‘साहब, टावर खड़ा है, चालू नहीं है. मेरी घरवाली उसी कंपनी में है, पूछ लीजिए.’

‘तब तो आपको और अच्छे से मालूम होना चाहिए,’ साहेब म्हणाले, आणि तेही टिपून घेतलं.

तो नकाशा आमच्याच विभागातून निघतो. सॉफ्टवेअरला टॉवरची जागा सांगायची, उंची सांगायची, ते आजूबाजूला रंग पसरवतं. टॉवरला मागून काही पोचतंय का, हे ते विचारत नाही आणि आम्हीही सांगत नाही. पूर्वी टॉवर चालू झाल्यावर रंग भरायची पद्धत होती. भोपाळच्या साहेबांनी ती बदलली. त्यांचं म्हणणं, टावर खड़ा है तो कवरेज है. मला इतका राग आला की मी सोमवारी ऑफिसात पोचल्यावर पाणीसुद्धा न पिता भोपाळला फोन लावला आणि सांगितलं, हा रंग काढा, तिथे सिग्नल नाही.

‘मैडम, नक़्शा पीछे नहीं जाता. ऊपर क्या जवाब दूँगा, गुलाबी कहाँ गया?’

‘सर, वहाँ एक आदमी की नौकरी जा रही है.’ तो आदमी कोण, ते त्यांना माहीत होतं.

‘तो लिंक चालू करवाइए न. किसने रोका है? बस रिंग पूरी होनी चाहिए.’

फोन ठेवला आणि मला सासूबाईंचा मामा आठवला.

धरणाच्या पाण्यात एक टेकडी अर्धी बुडून अर्धी उरली आहे. तिच्यावर पाणकावळे राहतात, दुसरं कुणी नाही, आणि त्यांच्याकडून आजवर तक्रार आलेली नाही. मी नकाशावर त्या टेकडीवर चौथा टॉवर ठेवला. तुटक रेघेचा, ‘प्रस्तावित’. तहसील हाय, डोंगर लो, गाव हाय, पाणकावळे लो, आणि पुन्हा तहसील. वर्तुळ झालं. गोत्र बदललं. तुटक रेघेच्या बाजूंसाठी आज पट्टा मागायची गरज नव्हती, म्हणून अर्जात फक्त मूळच्या दोन जोड्या ठेवल्या, ज्या मी वर्षापूर्वीच मागणार होते.

साहेबांना स्लाइड पाठवली. पाच मिनिटांत उत्तर आलं, ‘देखा, हो गई न रिंग.’

मामा आजतागायत तुटक रेघेतच आहे. त्याच्या जागेवर कुणी पाय ठेवलेला नाही आणि ठेवणारही नाही. पण तो होता म्हणून लग्न लागलं. मंजुरी आली, कंपनीच्या रिछाईच्या गोडाऊनमध्ये धूळ खात पडलेल्या डिश बाहेर निघाल्या, आणि तेवढ्यात मास्तरांना कळवण्यात आलं की चौकशीचे साहेब प्रत्यक्ष गावात येऊन पाहणी करणार आहेत. तारीख दिली होती.

मग मी जी धावपळ केली ती माझ्या अख्ख्या नोकरीत केली नव्हती. डिश चढवणाऱ्या टोळीच्या पाठी लागले, होडीवाल्याशी फोनवर भांडले, गाडी मिळत नाही म्हणाले तर दुसऱ्या कामाची गाडी वळवली. माझा विचार सरळ होता. पाहणीच्या आधी लिंक चालू करायची. साहेब येतील, मास्तर त्यांच्यासमोर आवारात उभे राहून फोटो काढतील, ॲप हजर म्हणेल आणि हा विषय संपेल. मास्तर एकदाच म्हणाले, ‘घाई कशाला करून राहिली तू? आधी त्यांना बिनसिग्नलची शाळा पाहू दे न.’ मी म्हटलं, तुम्हाला यातलं काही कळत नाही. नवऱ्याचं ऐकायची मला सवय नाही आणि त्यांना ऐकवायची नाही, संसार त्यावरच नीट चालला आहे.

पाहणीच्या आदल्या दिवशी दोन्ही जोड्यांच्या डिश एकमेकींसमोर नीट लागल्या. माझ्या स्क्रीनवर तहसील ते डोंगर आणि डोंगर ते गाव अशा दोन रेघा लाल होत्या, त्या हिरव्या झाल्या. ऑफिसात मी सगळ्यांना मंगोडे खाऊ घातले. घरी सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘मामाले आहेर द्या काही.’

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. मास्तरांचा नंबर, आणि मोहाच्या झाडाखालून येतो तसा तुटका नाही.

‘शाळेतून बोलून राहिलो,’ ते म्हणाले. ‘वर्गातून. पहिल्यांदा.’

‘साहेब येऊन गेले?’

‘गेले न. चांगला माणूस आहे. चहा घेतला. आवारात उभं राहून आपला फोन काढला, सगळ्या कांड्या भरलेल्या. एका बाजूने दुसऱ्या बाजूला चालून पाहिलं. मंग बसून लिहिलं.’

‘काय लिहिलं?’

त्यांनी मला वाचून दाखवलं, मुलांना धडा वाचून दाखवतात त्याच आवाजात. ‘मौके पर नेटवर्क पूर्ण रूप से उपलब्ध पाया गया. शिक्षक का कथन असत्य है. निलंबन की सिफ़ारिश की जाती है.’

‘तुम्ही सांगितलं नाही का, काल चालू झालं म्हणून?’

‘सांगितलं. ते म्हणाले, गुरुजी, वर्षभर बंद आणि नेमकं आम्ही येणार म्हणून काल चालू? त्यांचंही बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असतो तर मलाही नसतं पटलं.’

मला रडू फुटलं. दुःखानं कमी आणि रागानं जास्त, आणि राग कुणावर करावा हे ठरेना, कारण रांगेत सगळ्यांत पुढे मीच उभी होते. मास्तरांनी ते ऐकलं असणार. आवाज इतका स्वच्छ होता की त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, मागे पोरांचा कलकलाट, कुणीतरी बाक सरकवला तोही. इतकी चांगली लिंक मी आजवर आखलेली नाही.

‘रडू नको,’ ते म्हणाले. ‘ठेवतो आता. पोरं रांगेत उभी आहेत, नागपूरला बापाशी बोलायचं आहे सगळ्यांना.’

साहेबांचा भोपाळहून अभिनंदनाचा निरोप आला होता, त्याला उत्तर दिलं नाही. मास्तरांनी हजेरीच्या ॲपचा पासवर्ड माझ्याकडे ठेवलेला असतो, म्हणून मी ऑफिसातूनच ते उघडून पाहिलं. वर्षभराचे लाल रकाने एकाखाली एक, आणि सगळ्यांत खाली, त्या दिवसासमोर, पहिला हिरवा. मास्तर हजर होते.